रेवाजीची लख्ख कपार

समुद्र अजून भरती-ओहोटी शिकत होता, तेव्हाची ही गोष्ट. खडकातल्या एका डबक्यात रेवाजी नावाचा खेकडा राहायचा. खेकड्यांची रीत अशी, की अंग वाढलं की मोठ्या कपारीत जायचं. पण जुनी कपार कोणी घेतल्याशिवाय हलायचं नाही.

रेवाजी आता कपारीत मावेना. म्हणून त्यानं ती घासूनपुसून लख्ख केली आणि सगळं शेवाळ, कुजकी मासळी डबक्यात लोटली. शेजारीपाजारीही तेच करत होते.

पलीकडच्या डबक्यातली एक तरणी खेकडीण कपार बघायला आली. "घर झकास आहे हो, काका," ती म्हणाली. मग तिनं डबक्यात नांगी बुडवली, नाक मुरडलं आणि आल्या पावली परत निघाली.

"अगं, घर बघायला आलीस की पाणी?" रेवाजी कातावला.

"काका, भरती आली की घरात पाणीच येणार ना?"

अशी परत जाणारी ती काही पहिली नव्हती. रेवाजीचं डोकंच फिरलं. तणतणत, अंग चोरून तो कपारीत शिरायला गेला, तर उंबऱ्यावर घाणीचा एक गोळा राहिलेला. तो त्यानं नांगीनं उचलून डबक्यात भिरकावला आणि शेजाऱ्यांवर खेकसला, "मेल्यांनो, पाण्याची पार वाट लावलीत! इथं कोणाला काही पडलेलीच नाही!"