डब्यात नसलेली चिठ्ठी

जानेवारीची आठ तारीख. पहाटे दाट धुके होते. नऊच्या सुमारास ते विरले आणि कोवळे ऊन पडले. वारा मात्र बोचरा होता.

अशा त्या सकाळी एका लहान गावातील ख्रिस्ती मंडळीचा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजी अंगणात घोंगडीवर ऊन खात बसले होते. वचन कसे वाचावे, उपदेश कसा करावा, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना कशी करावी, हे सारे त्याला त्यांनीच शिकवले होते.

मंडळीच्या अध्यक्षाची जागा रिकामी झाली होती आणि महिनाअखेर निवड व्हायची होती. एक नाव या शिष्याचे होते. दुसरे मार्थाबाई पारधे यांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या परिचारिकेने गावातली निम्मी बाळंतपणे केली होती. बोलणी इतकी विकोपाला गेली होती, की वर्षानुवर्षे एका बाकावर बसणारी घरे आता उपासनेला वेगवेगळ्या दारांनी आत येत. दोघांतला एक मागे सरला नाही तर मंडळी फुटेल, हे सर्वांना दिसत होते.

गुरुजींच्या पत्नी दारात आल्या. "अध्यक्षसाहेबांना चहा साखरेचा चालेल, की आता मोठ्या माणसांसारखा बिनसाखरेचा?"

"अजून कुठे अध्यक्ष झालोय, काकू," शिष्य हसून म्हणाला. पण त्याला ते आवडले होते.

काकू आत गेल्यावर त्याने खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि गुरुजींच्या हातावर ठेवली. "गुरुजी, देवाने मला उत्तर दिलंय."

त्या मंडळीत एक प्रथा होती. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर वेदीपुढे थाळीत वचनांच्या चिठ्ठ्या ठेवत. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची. जे वचन निघेल ते देवाने आपल्याला वर्षभरासाठी दिले असे मानायचे. त्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम कित्येक वर्षे गुरुजींकडेच होते.

गुरुजींनी घडी उलगडली. देव आपल्या सेवकाला उंच करील, अशा आशयाचे वचन होते. अक्षर त्यांचेच होते.

"चिठ्ठी काढण्याआधी प्रार्थना केलीस?"

"केली ना. म्हटलं, प्रभू, मी उभं राहावं की नाही ते तूच दाखव."

"आणि उभं राहायचं कधी ठरवलंस?"

"नाताळाआधी मंडळीच्या पंचांशी बोलणं झालं होतं."

गुरुजी उठले, घरातून पत्र्याचा एक डबा घेऊन आले आणि उरलेल्या साऱ्या चिठ्ठ्या त्यांनी घोंगडीवर ओतल्या.

"यातली एक मला शोधून दे," ते म्हणाले. "नकाराची. 'हे करू नकोस, तू मागे राहा,' असं सांगणारी."

शिष्याला काहीच उमगेना. तरी गुरुजींचा शब्द म्हणून तो एकेक घडी उलगडू लागला. सांत्वन निघाले, सामर्थ्य निघाले, भरभराट निघाली. चहा आला आणि निवला. शेवटची चिठ्ठी वाचून त्याने मान हलवली.

"एकही नाही, गुरुजी."

"नसणारच. पवित्र शास्त्रात आहेत, डब्यात नाहीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी माणूस प्रार्थनामंदिरातून तोंड पाडून घरी जाऊ नये, म्हणून मी कठोर वचन कधी लिहिलंच नाही. हे तुला ठाऊक होतं. चिठ्ठ्या कापायला तू माझ्या शेजारी बसायचास. ज्याला नकार ऐकायची तयारी असते, तो असं ठिकाण शोधत नाही जिथं फक्त होकारच ठेवलेला आहे. चिठ्ठीतून देव बोलतो, असं मी म्हणत नाही. तू म्हणतोस. मग निदान त्याला नाही म्हणायला जागा तरी ठेव."

त्यांनी एक कोरी चिठ्ठी कापली आणि पेनासह त्याच्यापुढे सरकवली. "लिही, 'मार्थाबाईंना होऊ दे.' इतकंच. तुझी ही आणि ती, दोन्ही डब्यात टाक. डोळे मीट आणि एक काढ."

शिष्याने पेन उचलले. टोक कागदाला लागले आणि तिथेच राहिले. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

"लोकांना शब्द दिलाय, गुरुजी," तो अखेर म्हणाला.

"मग देवाला काय विचारायला आला होतास?"

"विचारायला नाही." त्याने मान खाली घातली. "वाटलं होतं, येत्या रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवाल. जे काठावर आहेत, ते इकडे आले असते."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. मग ते पसरलेल्या चिठ्ठ्यांच्या पुन्हा घड्या घालू लागले. शिष्यानेही थोड्या घड्या घातल्या. आपण काय केले आहे, हे त्याला पुरते कळले होते. त्याने आपली चिठ्ठी उचलली, खिशात ठेवली, आत जाऊन काकूंचा निरोप घेतला आणि तो निघाला. ठिपका पडलेली चिठ्ठी घोंगडीवरच राहिली.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मतदान झाले. शिष्याला त्रेसष्ट मते पडली, मार्थाबाईंना सत्तावन्न. त्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी गावात एकाऐवजी दोन मिरवणुका निघाल्या, एक प्रार्थनामंदिरातून आणि एक मार्थाबाईंच्या अंगणातून. दोन्ही गुरुजींच्या दारावरून गेल्या.