सुभान तिरंदाजाचा वीरगळ

घाटाच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात सुभान नावाचा एक तिरंदाज राहत होता. एकटाच होता, पण गावाला धरून होता. रानडुकरं पिकात शिरली की लोक त्याला बोलावून नेत, काम झालं की ओसरीवर जेवायला बसवत आणि घटकाभर गप्पा मारून घरी पाठवत.

मग एका हिवाळ्यात शत्रूची फौज घाट चढून आली. गावातले धट्टेकट्टे पुरुष भाले-तलवारी घेऊन खिंडीत उभे राहिले. सुभान मात्र धनुष्य घेऊन वर कड्याच्या कपारीत जाऊन बसला. अकरा दिवस तो तिथून हलला नाही. खालचा एकेक माणूस त्याला दिसे, तो मात्र कुणाला दिसत नसे. त्याच्या बाणांनी तेवीस जण पडले. बाण येतो कुठून तेच शत्रूला कळेना. बाराव्या दिवशी फौज आल्या वाटेनं परत गेली आणि गाव वाचलं.

सुभान खाली उतरला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पण थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी बदललंय. तो पाणवठ्यावर गेला की लोक बाजूला सरत. कुणी आदरानं सरे, कुणी भीतीनं. सुभानला त्यातला फरक कळत नसे. घागर भरताना आपल्या शेजारी कुणी उभं नाही, एवढंच त्याला दिसे. डुकरं हाकायलाही आता त्याला कुणी बोलावेना. एवढ्या मोठ्या माणसाला असलं काम कसं सांगायचं, असं काहींना वाटे. आणि बाकीच्यांना तो आपल्या ओसरीवर नकोच होता.

असं वर्ष गेलं. मग गावच्या पाटलांनी ठरवलं की सुभानच्या नावानं वेशीजवळ वीरगळ उभारायचा. लढाईत पडलेल्या वीरासाठी असा कोरीव दगड उभारायची गावाची रीत होती. जिवंत माणसाचा वीरगळ आजवर झाला नव्हता. पण असा पराक्रमही आजवर झाला नाही, असं पाटलांचं म्हणणं पडलं. दगड आला, पाथरवट आला, आणि गावात वाद पेटला.

एका म्हाताऱ्याचे तिन्ही मुलगे खिंडीतून जिवंत परतले होते. सुभान नसता तर माझ्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नसतं, त्याला वीर म्हणायचं नाही तर कुणाला, असं तो भेटेल त्याला सांगे. दुसऱ्या बाजूला साळू नावाची एक विधवा होती. तिचा नवरा त्याच खिंडीत लढताना पडला होता. माझा माणूस समोर उभा राहून लढला, लपून मारणाऱ्याचा दगड त्याच्या दगडाशेजारी नको, असं तिनं चावडीवर येऊन सांगितलं. निम्मं गाव म्हाताऱ्याकडे झालं, निम्मं साळूकडे. पेरणी करताना, जेवताना, बाजारात, सगळीकडे हाच विषय. सुभानच्या घरावरून जातानाही लोक त्याच्याबद्दलच बोलत जात, आणि दार उघडं दिसलं की गप्प होत.

पाथरवटाची अडचण निराळीच होती. वीरगळावर वीर शत्रूशी समोरासमोर भिडलेला दाखवतात. इथे काय कोरायचं, म्हणून तो अडून बसला. शेवटी पाटील स्वतः सुभानच्या घरी गेले.

"सुभान, शेवटच्या दिवशी तू खाली उतरलास आणि तलवारीनं दोघांना लोळवलंस, एवढं उद्या चावडीवर सांग," ते म्हणाले. "पाथरवटाला चित्र मिळेल, वाद मिटेल. यात कुणाचं काही जात नाही."

पाटील गेल्यावर सुभान बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. दगडाची त्याला हौस नव्हती. पण वाद मिटला तर लोक पुन्हा हाक मारतील, ओसरीवर पान वाढतील, या विचारानं त्याला मोह पडला. त्यासाठी एक लहानसं खोटं त्याला फार मोठं वाटेना. चावडीकडे निघाला तोवर त्याचं काहीच ठरलेलं नव्हतं.

चावडी गच्च भरली होती. पाटलांनी खूण केली. सुभान उभा राहिला आणि समोरच्या तोंडांकडे बघता बघता त्याच्याच्यानं खोटं बोलवेना.

"फौज जाईपर्यंत मी खाली उतरलो नाही," तो म्हणाला. "एकालाही समोरून मारलं नाही. एकजण चुलीत फुंकर घालत होता, त्याला मारलं. त्याचं तोंड मला अजून दिसतं. तरी उद्या फौज आली तर मी पुन्हा कपारीत जाईन, कारण दुसरा इलाज नव्हता आणि पुढंही नसेल. तुम्ही माझा दगड उभारू नका."

ते कुणालाच रुचलं नाही. आपल्या वीरानं स्वतःला लहान करून घेतलं, म्हणून म्हाताऱ्याची माणसं नाराज झाली. पुन्हा तेच करीन म्हणाला, म्हणून साळूकडची माणसं चिडली. एकेक करत सगळे उठून गेले. पाटलांनी तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या चावडीत सुभान एकटा उरला, आणि काही वेळानं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात साळू येऊन उभी राहिली. ती भांडायला आली असावी असं वाटून तो मान खाली घालून उभा राहिला.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही वर होता. आमच्या घरचे पडले ते तुम्हाला दिसलं असेल."

वर्षभरात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"दिसलं, वहिनी. खांद्याला भाला लागला होता, तरी मागं सरले नाहीत. मग एकजण त्यांना येऊन भिडला. माझा बाण ओढलेला होता. पण दोघं इतके जवळ होते की सोडला तर कुणाला लागेल ते कळेना. मी नाही सोडला. लोक तेवीस मोजतात. मला तो न सोडलेला बाणच आठवतो."

साळू अंगणाच्या कडेला खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

"म्हणजे शेवटी त्यांच्याकडं कुणीतरी बघत होतं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणि तुमच्याबरोबर वर कोण होतं?"

"कुणी नाही," सुभान म्हणाला, आणि तोही खाली बसला.

ऊन अंगणात येईपर्यंत दोघं तिथेच बसून होती. तिनं अकरा दिवसांचं विचारलं, त्यानं सांगितलं. गावातला वाद त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला. साळू मात्र पुन्हा त्यात बोलली नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ज्यानं आपल्यासाठी अवघड काम केलं, त्याला काय म्हणायचं हे ठरवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसावं आणि त्याच्यावर काय गुदरलं ते त्यालाच विचारावं.