पहिली पत्रिका

एकदा एका मागांच्या गावात जे घडलं, ते ऐकून तुम्हीही कपाळाला हात लावाल. भालचंद्र हा तिथला मागवाला. 'गावातल्या शंभर विणकरांत चाळीस बाहेरचे!' हे त्याचं अखंड तुणतुणं. शेवटी बाहेरच्यांना महिनाअखेर कामावरून काढायचा अर्ज त्याने लिहिला, गावच्या सह्या गोळा केल्या आणि तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. यादीत पहिलं नाव रामसनेहीचं. तीस वर्षं भालचंद्राच्याच मागावर राबलेला माणूस!

"गुरुजी, सही करा."

"करतो. पण बाहेरचा कोण, हे कसं ठरवलंस?"

"त्यात ठरवायचं काय? दिसतंच की!"

"मला मेलं दिसत नाही," गुरुजी वैतागले आणि त्यांनी अर्जाखाली एक ओळ लिहिली: 'घरच्या लग्नाची पहिली पत्रिका ज्याच्या कुलदैवताला वेशीबाहेर जाते, तो बाहेरचा.' "जा, घरोघर विचारून ये. मग सही."

भालचंद्र खूश झाला. परक्यांचे देव परमुलखातच असणार! तो उत्साहाने निघाला.

तिसऱ्या दिवशी तो घामाघूम होऊन परतला. "काय हा ताप लावलात माझ्यामागे! होगाड्यांची पत्रिका सौंदत्तीला, म्हेत्र्यांची जेजुरीला. सही करणारा एकूण एक बाहेरचा निघाला!"

"आणि तुझी?"

"म्हसवडला," तो पुटपुटला.

"मग गावात गावचं कुणीच नाही?"

"एक आहे," भालचंद्र नाइलाजाने म्हणाला. "रामसनेही. बापाच्या कडेवर आला, बाप लगेच गेला. कुलदैवत कोणतं, हे सांगायला कुणी उरलं नाही. पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका त्याने आपल्या वेशीतल्या मरीआईपुढे ठेवली."

"अरे शहाण्या," गुरुजी कडाडले, "चाळीस जणांना मोजताना दमला नाहीस, उरलेले साठ कुठून आले, हे तेव्हा एकदा तरी विचारलंस? त्यांचेही वाडवडील पोटासाठीच आले. तुझा पणजा आला, तेव्हा कुणी असाच अर्ज लिहिला असता तर? त्याला इथे कुणीतरी माग दिला, म्हणून तू आज मागवाला आहेस."

भालचंद्राने अर्ज पुन्हा पुढे ओढला. त्याने रामसनेहीचं नाव खोडलं आणि गुरुजींच्या ओळीप्रमाणे तिथे स्वतःचं लिहिलं. ते नाव त्याने मोठ्याने वाचलं. मग त्याने तो कागद फाडला आणि मरीआईच्या वाटेने तो रामसनेहीच्या घराकडे निघाला.

बाहेरच्यांची यादी करायचीच असेल, तर पहिलं नाव आपलं घालून बघावं.