ओढ्याकाठच्या कोळिणीचे दार

एका राज्यात रणधीरसेन नावाचा राजा होता. मनाने भला, पण हाताने भारी उतावळा. दार दिसले की ढकलायचे, हा त्याचा स्वभाव. एकदा एक मांत्रिक भेटीला आला, तर राजाने त्यालाही उंबरठ्यावरून ढकलून दिले. मांत्रिक म्हणाला, "राजा, तुला दाराची किंमत नाही. तुझ्या लेकीच्या महालाचे दार तुला दिसेनासे होईल." तसेच झाले. सकाळी बघतात तो राजकन्या रत्नावलीच्या महालाला नुसती भिंत. राजकन्या आत, जग बाहेर.

राजाने हत्ती आणले, घण आणले. भिंतीचा टवकाही उडेना. तेव्हा राजवाड्यातला म्हातारा पोपट बोलला, "महाराज, आत एक कळशी पाणी आहे. तीन दिवस पुरेल. न दिसणारी दारे ओढ्याकाठच्या आठ पायांच्या कोळिणीला ठाऊक. तिला विचारा." राजाने तडक दरबार बोलावला. लेक एकुलती एक आणि आईवेगळी.

दरबाऱ्यांपैकी कुणी जायला पुढे येईना. निघाली ती सुगंधा सुतारीण. नगरातल्या निम्म्या दारांच्या बिजागऱ्या तिनेच बसवलेल्या होत्या.

ओढ्याच्या दरडीवर जिकडेतिकडे शेवाळ. सुगंधाने येण्याचे कारण सांगितले, तसा मातीतून कोळिणीचा आवाज आला, "पहिले काम. माझे दार शोध."

सुगंधा दिवसभर पालथी पडून बघत राहिली. एके जागी शेवाळातून बारीक रेशमी धागे चहूकडे पसरले होते. मधोमध बोराएवढे झाकण, वरून माती नि शेवाळ लिंपलेले, एका कडेला रेशमाची बिजागरी. तिला इतका आनंद झाला की भूक विसरली. "बाई, असे काम मला जन्मात जमायचे नाही," ती म्हणाली.

"दुसरे काम. दार उघड, पण मोडू नकोस."

सुगंधाने झाकण नखाने उचकटून पाहिले. कोळिणीने ते आतून दातांनी धरले. जितका हिचा जोर, तितकी तिची पकड घट्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी सुगंधा थकली, आणि सहज एक गवताची काडी धाग्यावरून अलगद फिरवली, जणू एखादा किडा चालत आला. झाकण आपसूक उघडले.

"तिसरे काम. हे दार कुठे आहे, ते कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

कोळिणीने तिला हातभर धागा दिला.

तिसऱ्या दिवशी सुगंधाने धाग्याचे एक टोक भिंतीला चिकटवले, दुसरे राजाच्या हाती दिले. "महाराज, हत्ती दूर न्या, जोडे काढा. धागा हलकेच छेडा आणि विचारा."

"काय विचारू?"

"आत येऊ का, म्हणून."

हे शब्द राजाने जन्मात उच्चारले नव्हते. दोनदा घसा खाकरला, मग हळूच म्हणाला, "रत्ने, आत येऊ का?"

भिंतीवर चौकट उमटली, दार उघडले. रिकामी कळशी घेऊन राजकन्या उभी होती.

"बाबा, तुम्ही होय? एवढा दणदणाट ऐकून मला वाटले, शत्रू आला. मी जीव खाऊन आतून दार धरून बसले होते."

राजा रडलाही आणि हसलाही. मग अनवाणी जाऊन त्याने मांत्रिकाला मानाने घरात आणले, पाटावर बसवून केशरी भात वाढला. मांत्रिकाचा राग जेवता जेवता निवळला.

"सुगंधे," राजा म्हणाला, "कोळिणीला सोन्याचे दार करून देतो. ओढ्याकाठी नेमकी राहते कुठे ती?"

सुगंधा नुसती हसली. राजाने तीनदा विचारले, ती तीनदा हसली. जसे रत्नावलीचे दार उघडले, तसे तुमचेआमचे उघडो, आणि कोळिणीचे तेवढे मिटलेले राहो.