सावळीचा उंबर

फार जुन्या काळी एका डोंगराळ रानात वानरांची मोठी टोळी राहत असे. एका उन्हाळ्यात तिथे वणवा पेटला आणि त्यात काही पिल्लं दगावली. त्यानंतर सावळी नावाची वानरीण खाईना, झोपेना, बोलेना. पान सळसळलं तरी दचकू लागली. "हिला बाधा झालीय," म्हाताऱ्या वानरिणी म्हणाल्या आणि त्यांनी तिला दूरच्या उंबरावर बसायला लावलं.

टोळीचा म्होरक्या भुऱ्या, त्याचीही झोप वणव्यापासून उडाली होती. तो उठसूट कुणाच्याही अंगावर धावून जाई. सगळे म्हणत, "काय दरारा आहे!"

एका दुपारी तो उंबराखाली एकटाच थरथरत बसलेला सावळीला दिसला.

"भुऱ्यादादा, तुलाही धुराचा वास येतो का रे?"

"येतो. पण कुणाला सांगू नकोस. नराला हे शोभत नाही."

"आणि मला शोभतं?"

भुऱ्या उठला. मग टोळीकडे जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "सावळीला झालंय तेच मला झालंय. मलाही लांब बसवा."

तो परत येऊन तिच्या शेजारच्या फांदीवर बसला.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्यांपैकी एक हळूहळू उंबरावर चढून आली. "जरा सरक गं," ती सावळीला म्हणाली, "मलाही झोप लागत नाही."