हुकमांचा लगदा

टेंभगडात कागद संपला आणि त्याच दिवशी दस्तगीर कागदीला कोठडीत टाकलं!

त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने उपाय सांगितला. राजे हैबतरावांना हुकूम लिहायची भारी हौस. सकाळी उठले की हुकूम, जेवून हात धुतले की हुकूम. 'म्हशींनी राजवाड्याकडे पाठ करून उभं राहू नये.' 'दुपारी कावळ्यांनी हळू ओरडावं.' दफ्तरखान्यात छताला गठ्ठे लागले आणि चिंध्या कुटून नवा कागद करायला गावात चिंधीच उरली नाही. दस्तगीर सरळ माणूस. म्हणाला, "सरकार, जुनेच कागद भिजवू, कुटू, नदीत धुऊ. शाई वाहून जाईल आणि कसा पांढराशुभ्र कागद निघेल!"

"माझे शब्द नदीत?" राजे ओरडले. "टाका याला आत!"

दुसऱ्या दिवशी दस्तगीरची बायको जैतून दरबारात उभी. कडेवर तान्ही नूरी. पोरीला दात येत होते, अंग कोमट लागत होतं. जैतूनने आधी पोरीच्या कपाळाला हात लावला, मग राजाला मुजरा केला.

"सरकार, माझ्या नवऱ्याला सोडा. कागद मी करून देते."

"जुन्या कागदांचा?"

"जुन्यांचाच."

"मग अट ऐक! माझा एकही शब्द वाया जाता कामा नये. एक जरी गेला, तरी नवरा जन्मभर आत आणि तुमचा कागदाचा हौद बुजवून टाकीन!"

दरबारी एकमेकांकडे बघून गालात हसले. हौद बुजला की चूल विझली, हे जैतूनला कुणी सांगायला नको होतं. तिने नूरीचं कपाळ पुन्हा चाचपलं.

"कागद किती घेऊ, सरकार?"

"सगळे! माझ्या हातचं चिटोरंही मागे राहता कामा नये!"

"सगळे म्हणजे सगळे?"

"राजाला दोनदा विचारतेस?"

"नाही सरकार. हवालदारांना ऐकू गेलं का, तेवढं बघत होते."

हवालदार मकाजीला ऐकू गेलं होतं. ऐकायचं आणि तसंच्या तसं करायचं, एवढ्यावरच तो हवालदार झाला होता. राजाने त्यालाच पहाऱ्यावर धाडलं.

गाड्या भरभरून गठ्ठे आले आणि हौदात पडले. जैतून मकाजीच्या डोक्याकडे बघत राहिली.

"हवालदार, पागोट्यात काय खोवलंय?"

"हा होय? हा तुझ्या नवऱ्याच्या कैदेचा हुकूम."

"सरकारांच्या हातचा?"

"अस्सल!"

"मग सोडा हौदात. सगळे म्हणालेत ना?"

मकाजी विचारात पडला. ते काही त्याचं रोजचं काम नव्हतं. शेवटी त्याने कागद काढला, कपाळाला लावला आणि हौदात सोडला.

तेवढ्यात नूरीने काठावरचं एक चिटोरं उचलून तोंडात घातलं.

"अगं बाई, शाई पोटात जाईल!" जैतून धावली.

"अगं बाई, शब्द पोटात जाईल!" मकाजीही धावला.

जैतूनने बोट घालून चिटोरं बाहेर काढलं. मकाजीने ते उन्हात धरून नीट निरखलं. "कावळ्यांचा आहे," तो म्हणाला. "पुरा आहे." मग तेही हौदात गेलं.

लगदा कुटून झाला. एरवी कागदी लोक यानंतर तो फडक्यात बांधून नदीवर धुवायला नेतात. मकाजी भाला आडवा धरून वाटेत उभा राहिला.

"पाणी गेलं तर शब्द गेले!"

"म्हणून तर नेतच नाही," जैतून म्हणाली.

तिने लगदा धुतलाच नाही. त्याच काळ्या पाण्यातून काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलला. ठिबकणारा थेंबही हौदातच पाडला. भिंतीवर ताव वाळवले, दगडाने घोटून गुळगुळीत केले आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन दरबारात हजर!

राजाने वरचा ताव उचलला. रंग थेट म्हशीच्या पाठीचा.

"हे काय? माझे शब्द कुठायत?"

"यातच आहेत, सरकार. थेंबभर पाणी बाहेर गेलं नाही. विचारा हवालदारांना."

"नाही गेलं," मकाजी म्हणाला. "एक शब्द जात होता. पोरीच्या तोंडातून परत आणला."

"मला एक अक्षर दिसत नाही! माझे सगळे हुकूम गेले!"

"सगळे?"

"सगळे!"

"एकही उरला नाही?"

"एकही नाही! कितीदा सांगू?"

"मग माझ्या नवऱ्याला सोडा, सरकार. त्याच्या कैदेचा हुकूमही यातच होता."

राजाने मकाजीकडे पाहिलं. मकाजीने आपलं रिकामं पागोटं चाचपलं.

"थांब!" राजे घाईने म्हणाले. "तो आहे! तो यातच आहे!"

"मग बाकीचेही आहेत. म्हणजे तुमची अट पुरी झाली. तसंही नवऱ्याला सोडायलाच हवं."

राजाचे कान लाल झाले. "कैदेचा दुसरा हुकूम लिहितो! आत्ता!"

"कशावर, सरकार?"

"कशावर म्हणजे? याच कागदावर!"

राजाने बोरू शाईत बुडवला. ताव राखाडी, पण अक्षर कसं टपोरं उठलं! अर्धी ओळ झाली आणि राजे थबकले. जैतून शांतपणे नूरीचं नाक पुसत होती.

"सरकारांना कागद पसंत पडला म्हणायचा," ती म्हणाली.

राजाने कागदाकडे पाहिलं, बोरूकडे पाहिलं, आणि मग असे हसले, असे हसले, की नूरी दचकून रडायला लागली. तिला गप्प करायला राजाने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातात दिला. तिने तो तोंडात घातला. जैतूनने काढला आणि ओच्यात ठेवला.

राजाने ती अर्धी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'दस्तगीरला सोडा. दफ्तरखान्यातले जुने कागद यापुढे दरसाल जैतून कागदिणीला द्यावे. तिने ते नदीत खुशाल धुवावे.'

मकाजीने हुकूम घेतला, कपाळाला लावला आणि पागोट्यात खोवला.

"हवालदार," जैतून म्हणाली, "काम झालं की तो कागद परत आणून द्या हं."

आणि राजे पुन्हा हसायला लागले.