सुटी सीट

“...पण आप्पा, दोघांच्या जागेत तिघांनी कोंबून कशाला बसायचं?”

आप्पा मठाच्या पायरीवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“गाडीची सीट फाटलीय,” रेवण पुढं म्हणाला. “स्प्रिंगा वर आल्यात. दस्तगीर मिस्त्रीकडं मोडीत काढलेल्या मोटारीच्या दोन सुट्या बकेट सीटा आहेत, मऊ, पाठीला टेकण असलेल्या. एक माझी, एक तुमची.”

“आणि चनबसू?”

“तो बसंल की मागं हौद्यात, पातेल्यांपाशी. त्याला मोकळी हवा मानवते.”

हे चनबसूला कुणी विचारलं नव्हतं.

आप्पांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“तुझ्या मनात आहे ना? मग कर.”

रेवणनं वाद घालायची सगळी तयारी केली होती. ती वाया गेल्याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

मठाची पिकअप जुनी होती, एका भक्तानं पुष्कळ वापरून मग दान केलेली. दर सोमवारी आप्पा एखाद्या गावी प्रवचनाला जात. मागं हौद्यात प्रसादाची पातेली आणि पुढं या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट. स्टेअरिंगवर रेवण, पलीकडच्या खिडकीशी आप्पा आणि मधली जागा रिकामी.

अकरा वर्षं ती रिकामी होती. त्या रिकाम्या जागेवरून आप्पांचं बोलणं रेवणकडं यायचं. कधी एखादं वचन, कधी वाटेतल्या कुणाच्या विहिरीची चौकशी, कधी नुसता हुंकार. मठात पाया पडायला शंभर माणसं येत, पण गाडीतले आप्पा त्याचे एकट्याचे होते.

मग चैत्रात चनबसू आला. पंचेचाळिशीचा, सोलापुरात यंत्रमागावर काम केलेला, बायको गेल्यापासून झोप उडालेला माणूस. पहिल्याच सोमवारी आप्पांनी त्याला गाडीपाशी बोलावलं.

“ये, मधी बस. रेवण, जरा सरक.”

“मी कुठं सरकू, आप्पा? सीट एकच, आणि स्टेअरिंग माझ्या हातात.”

खरं तर चार बोटं सरकता आलं असतं. शेवटी आप्पाच दाराला चिकटून बसले.

त्या दिवसापासून रेवणच्या पोटात दुखायला लागलं. आप्पांचं बोलणं आता आधी चनबसूच्या कानात जायचं आणि इंजिनाच्या घरघरीतून रेवणला उरलंसुरलं मिळायचं. गिअर टाकताना चनबसू गुडघा आखडून घ्यायचा आणि “माफी असावी, अण्णा” म्हणायचा. रेवणला त्या माफीचाही राग यायचा.

एकदा परतीच्या वाटेवर चनबसू आप्पांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. चांगला घोरला. मठ येईपर्यंत आप्पांनी खांदा हलवला नाही.

अकरा वर्षांत आपल्याला तो खांदा मिळाला नाही, हे रेवणच्या मनात सलत राहिलं. गाडी चालवणारा माणूस झोपणार कसा, एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नाही. मत्सरानं त्याचं डोकं पार फिरवून टाकलं होतं.

नाक्यावरच्या दुकानात दस्तगीर गाडीखाली शिरला, बोल्ट सोडवले, आणि डोकं खाजवत बाहेर आला.

“रेवणअण्णा, ही सीट कधी मागं घेतलीच नाही काय? पार पुढच्या खाचेत गंजून बसलीय.”

“माझे पाय ब्रेकला पोचत नाहीत. पहिल्या दिवशीच ओढून घेतली होती.”

“मग शेजारचा पण पुढं आला की तुमच्यासंगं. सीट अख्खीच सरकते ही.” दस्तगीरनं डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला बोट लावलं. “तरीच म्हटलं, हे काय आहे.”

तिथं पत्र्यावरचा रंग दोन ठिकाणी उडाला होता. वाटीच्या बुडाएवढे दोन गोल, घासून घासून चकचकीत झालेले.

“कुणाचे गुडघे म्हणायचे हे?”

आप्पा सहा फूट उंच होते. ही काही रेवणला नवी माहिती नव्हती.

त्यानं एका गोलावरून अंगठा फिरवला... मग पटकन काढून घेतला. बरंच झालं की, तो मनाशी म्हणाला, आता आप्पांना पाय लांब करता येतील. म्हणजे आपण हे त्यांच्यासाठीच केलं. एवढी समजूत पटल्यावर तो शीळ घालत मठात परतला.

सोमवारी सकाळी चनबसूनं नव्या सीटा पाहिल्या.

“झकास झाल्या, अण्णा,” तो म्हणाला आणि कुणी काही सांगायच्या आत डोक्याला पंचा गुंडाळून मागं पातेल्यांत जाऊन बसला.

आप्पा पुढं बसले. त्यांनी सीटखाली हात घालून दांडी शोधली, सीट पार मागं सरकवली आणि दोन्ही पाय लांब केले.

“हं... बरं वाटलं.”

रेवणला धन्य झाल्यासारखं वाटलं. त्यानं गाडी काढली. आता कसे दोघंच. आता आप्पा बोलतील.

ओढा गेला, साखर कारखाना गेला, दोन गावं मागं पडली. आप्पा बोलले नाहीत.

दोन सीटांच्या मधे वीतभर फट होती. तिच्यात गिअरचा दांडा एकटाच थरथरत होता.

“आप्पा... आज काही बोलत नाही?”

“बोलायचं आहे. तू रस्त्याकडं बघ.”

आवाज त्याच्या खांद्याच्या मागून आला. आप्पांकडं बघायचं तर आता मान वळवावी लागत होती.

पुढं खडीचा रस्ता लागला. मागं पातेली आदळू लागली. आरशात चनबसू दिसला. पंचा सुटून गळ्यात आला होता, ऊन तोंडावर होतं, आणि तो दोन्ही हातांनी दोन झाकणं दाबून धरून बसला होता. रेवणनं आरशातून नजर काढून घेतली.

तेवढ्यात शेजारी आवाज झाला. कट्... कट्... कट्...

आप्पांची सीट पुढं येत होती. खाच-खाच करत ती पार पुढं आली आणि त्यांचे गुडघे पत्र्यावरच्या त्या दोन गोलांना जाऊन टेकले.

रेवणनं गाडी बाभळीखाली उभी केली.

“हे काय, आप्पा? मागं घ्या. गुडघे दुखतील.”

“दुखतात.”

“मग? आता तुमची सीट सुटी आहे. माझ्यापायी पुढं यायचं काही कारण उरलं नाही.”

“मागनं तुझं तोंड दिसत नाही.”

रेवणचे हात स्टेअरिंगवर तसेच राहिले. अकरा वर्षं तो रस्त्याकडं बघत आला होता. आप्पा तेवढा वेळ कुठं बघत होते, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याला लाज वाटली, रडू आलं, आणि तरीही पोटातलं ते दुखणं काही जाईना.

“मग त्याला का मधी बसवलं?” त्याचा आवाज चिरकला. “माझ्या आणि तुमच्या मधी?”

“त्याला झोप येत नव्हती.”

“एवढंच?”

“एवढंच.”

हौद्यातून चनबसूची हाक आली, “अण्णा, गाडी बंद पडली काय? ढकलू?”

आप्पांनी हात लांब करून दोन सीटांमधल्या फटीत तळवा टेकवला, जिथं पूर्वी चनबसू बसत असे.

“चैत्रात तू काय म्हणाला होतास?”

रेवणला आठवत होतं.

“सीट एकच आहे... मी कुठं सरकू.”

“आता तुझी सीट सुटी झालीय, रेवण. आता सरक.”